थेंबाचं माप: सुगंधी तेलं आणि पुष्पौषधी घरात कशी वापरावीत

नंदुरबारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात एका कपाटात छोट्या तपकिरी बाटल्या ओळीनं लावलेल्या आहेत. नीलगिरी, लवंग, गंधपुरा, टी ट्री, लव्हेंडर, गवती चहा. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात बाख पुष्पौषधी (एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरांच्या पद्धतीनं फुलांपासून बनवलेले थेंब) आहेत, तशाच तपकिरी काचेच्या, तशाच ड्रॉपरच्या. लोक दोन्हींकडे बोट दाखवून विचारतात, "ताई, हे झाडाफुलांचंच आहे ना? मग अपाय तर नाही ना?"

दोन्हींना एकच उत्तर देता येत नाही. वरच्या कप्प्यातल्या तेलांत भरपूर जोर आहे, म्हणून ती जपून वापरायची. खालच्या कप्प्यातल्या बाटलीत पाणी आणि दारू यांपलीकडे मोजता येईल असं काही नाही, म्हणून तिच्यावर आजार सोपवायचा नाही. नेमकं उलटं होताना मी रोज बघते. बाळाच्या छातीला नीलगिरी बिनधास्त चोळली जाते, आणि महिनोन् महिने झोप उडालेल्या माणसाला चार थेंबांवर ठेवलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी तेलांविषयी. आपल्या खानदेशाला हा धंदा नवा नाही. सातपुड्याच्या उतारावर रोशा गवत उगवतं. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, पिंपळनेरच्या बाजूला या गवताच्या भट्ट्या लागायच्या. गवत पाण्यात उकळायचं, वाफ नळीतून थंड पाण्याकडे न्यायची, आणि खाली जमलेल्या पाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानात जायचं आणि तिथं गुलाबाच्या महागड्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जायचं. दोन्हींत जिरॅनिऑल हा घटक असल्यामुळे वास जुळतो. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही गुडघ्याला रोशाचं तेल मागतात.

भट्टीचं हे वर्णन सांगायला कारण आहे. ढीगभर गवत शिजवावं तेव्हा वाटीभर तेल सुटतं. गुलाबाचं तर एक किलो तेल काढायला साधारण साडेतीन ते चार टन फुलं लागतात. म्हणजे पानाफुलात जे विखुरलेलं होतं ते सगळं एका थेंबात आलेलं असतं. गवती चहाची दोन पानं चहात टाकणं आणि गवती चहाच्या तेलाचा थेंब चहात टाकणं या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खुशाल करा. दुसरी अजिबात नको.

कुणाला पटत नसेल तर मी थर्माकोलचा तुकडा घेते आणि त्यावर संत्र्याच्या सालीच्या तेलाचे दोन थेंब टाकते. थर्माकोल बघता बघता विरघळून खड्डा पडतो. पातळ प्लास्टिकच्या बाटलीत ही तेलं ठेवायची नाहीत, ती याचसाठी. जीभ, डोळा आणि नाकाच्या आतली कातडी तर फारच नाजूक.

आता माप. ड्रॉपरनुसार थोडा फरक पडतो, पण एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. हे डोक्यात ठेवलं की बाकी सोपं आहे. तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे साध्या तेलात सहा थेंब टाकले की एक टक्का होतो, बारा टाकले की दोन टक्के. धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगाला दोन टक्के पुरे. चेहरा, साठीच्या पुढचं वय, किंवा लगेच लाल होणारी कातडी असेल तर एक टक्का, त्याहून कमी असलं तरी चालेल. थेंब वाढवले म्हणून गुण वाढत नाही, पुरळ मात्र वाढतं.

साधं तेल म्हणजे खोबरेल, तिळाचं किंवा बदामाचं. मोहरीचं तेल यासाठी घेऊ नका, ते स्वतःच काही जणांच्या कातडीला झोंबतं. आणि पाणी हे मिसळायचं माध्यम नव्हे. बादलीत किंवा टबात थेंब टाकले तर ते वर तरंगतात आणि जसेच्या तसे अंगाला चिकटतात. मांड्यांवर लाल चट्टे घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. आंघोळीत वास हवाच असेल तर थेंब आधी चमचाभर खोबरेलात मिसळा आणि ते अंगाला लावून मग पाणी घ्या.

मिश्रण पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा आणि एक दिवस, जमल्यास दोन दिवस थांबा. खाज आली, लाल झालं तर ते तेल तुमच्यासाठी नाही. एकदा ॲलर्जी बसली की ती बहुधा जन्मभर राहते, आणि मग साबणातला, क्रीममधला तोच वाससुद्धा सोसत नाही. शुद्ध लव्हेंडर थेट लावलं तरी चालतं असं सांगणारे भेटतील. मी तो सल्ला देत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागापासून तेल काढलं, बॅच नंबर आणि मुदत हवी. नुसतं 'अरोमा ऑइल' किंवा 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर तो कारखान्यात बनवलेला वास आहे. खोलीत दरवळायला ठीक, अंगाला नको. पन्नास-साठ रुपयांत मोठी बाटली 'शुद्ध गुलाब तेल' मिळत असेल तर वरचा चार टनांचा हिशेब आठवा. मोगऱ्याचं तेल वाफेवर निघत नाही, ते द्रावकानं काढतात. त्यामुळे 'वाफेवर काढलेलं मोगरा तेल' असं लिहिलेलं दिसलं तर ती बाटली परत ठेवा. कागदावर थेंब टाकून बघायची युक्ती अर्धीच उपयोगाची आहे. तेलकट डाग राहिला तर बहुधा साधं तेल मिसळलेलं आहे, पण चंदन आणि वाळ्यासारखी जड तेलंही डाग सोडतात, आणि कृत्रिम वास बिनडाग उडून जातो. गुलाबजल आणि केवड्याचं पाणी हा वेगळाच प्रकार. ऊर्ध्वपातनात, म्हणजे भट्टीवर वाफेनं तेल काढताना, तेलाखाली जे पाणी उरतं ते हे. त्यात तेलाचा अंश अगदी थोडा असतो, म्हणून ते सौम्य.

घरात आणल्यावर बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी. लिंबू, संत्रं, टी ट्री ही तेलं हवा लागून जुनी झाली की त्यांत नवे घटक तयार होतात आणि तेच कातडीला जास्त त्रास देतात. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, आणि ही तेलं वर्षभरानंतर अंगाला लावू नका. देवघरात, समईशेजारी ठेवू नका. ही तेलं पेट घेतात. आणि कपाट कुलपाचं हवं. मुलांच्या व्हिटॅमिनच्या थेंबांची बाटली आणि नीलगिरीची बाटली रात्री अर्धवट झोपेत सारखीच दिसते. नीलगिरी खोकल्याचं औषध समजून पाजली जाते ती अशीच.

आता एकेक तेल. जिथे घरोघरी गफलत होते तिथेच मी जास्त थांबणार आहे.

कापूर. आपल्याकडे तो इतका पवित्र आणि इतका रोजचा आहे की त्याची भीतीच गेली आहे. बाळाला सर्दी झाली की खोबरेलात कापूर विरघळवून छातीला, पाठीला, कधी नाकाखाली चोळतात. गळ्यात भीमसेनी कापराची पुरचुंडी बांधतात. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर, नीलगिरी, पुदिन्याचं फूल (मेंथॉल) आणि हे घटक असलेला कुठलाही बाम लावू नका. छातीलाही नको, तळपायालाही नको. या तीव्र वासांनी बाळाचा श्वास मध्येच अडू शकतो. कापूर कातडीतून आत शिरतो आणि मेंदूला चेतवतो, त्यातून झटके येतात. पोटात गेला तर पाच-दहा मिनिटांतसुद्धा झटका येऊ शकतो, आणि लहान मुलासाठी एक ग्रॅमच्या आसपासची मात्राही जीवघेणी ठरू शकते. पूजेच्या वड्या रांगत्या मुलाला खडीसाखरेसारख्या दिसतात. अमेरिकेत या कारणानं अंगाला लावायच्या औषधांत अकरा टक्क्यांहून जास्त कापूर घालायला बंदी आहे. आपण घरी कढईत जे तेल करतो त्याचं प्रमाण कोण मोजतं?

ज्या मुलांना जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता आहे त्यांना कापूर आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य. दुपट्यांच्या गाठोड्यात डांबराच्या गोळ्या घालू नका, यात तडजोड नाही.

नीलगिरी. मोठ्या माणसाला नाक चोंदल्यावर रुमालावर दोन थेंब पुष्कळ झाले. वाफारा घेताना साध्या पाण्याच्या वाफेनंच आराम पडतो. थेंब टाकायचाच तर एक, आणि डोळे मिटून. मुलाला उकळत्या पातेल्यासमोर बसवू नका. पातेलं उलटून भाजणं हा सर्दीपेक्षा फार मोठा आजार आहे. दमेकऱ्यांना हा वास उलटा बाधू शकतो. आणि ज्यांना फिट येते किंवा पूर्वी कधी आली आहे, त्यांनी नीलगिरी आणि कापूर घरातूनच काढावेत. दक्षिण भारतातल्या न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी झटके आलेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतल्या काहींच्या झटक्यांचा संबंध या दोन तेलांशी, रोज लावायच्या बामशी आणि टूथपेस्टशीही लागला. म्हणून फिटच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, "बाम लावता का?" रोझमेरी आणि सेज ही तेलंही त्यांना नकोत.

गंधपुरा, म्हणजे विंटरग्रीन. गुडघेदुखीवर याला फार मागणी. यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. एका चहाच्या चमच्यात, पाच मिलिलिटरमध्ये, सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतका जोर असतो. हृदयरोग्यांना रोज देतात त्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा हिशेब केला तर नव्वदाच्या वर गोळ्या झाल्या. हा एक चमचा लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. रक्त पातळ करायची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर गंधपुरा चोळू नका, रक्तस्राव वाढतो. गरोदरपणात नको, मुलांना नको, ॲस्पिरिन ज्यांना सोसत नाही त्यांना नको. ज्यांना चालतं त्यांनीही पातळ करूनच, आणि चोळल्यावर गरम पिशवीचा शेक घेऊ नका. शेकानं औषध एकदम आत शिरतं आणि कातडी भाजते. आजी-आजोबांना ही एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण चोळणं आणि शेकणं ही त्यांच्या दृष्टीनं जोडगोळीच असते.

लवंग. दाढदुखीवर खरंच उपयोगी. यातलं युजेनॉल दाताचे डॉक्टरही झिंक ऑक्साइडबरोबर वापरतात. पण बोळा तेलात बुडवून दाढेत दाबला तर हिरडी भाजते. अर्धा चमचा खोबरेलात एक थेंब, त्यात टोक बुडवलेली काडी, नुसती दातापाशी टेकवायची. यानं रात्र निघेल, कीड जाणार नाही. सकाळी डॉक्टरकडे जायचंच. तान्ह्या मुलाच्या दात येण्यावर लवंग तेल अजिबात नाही. ते पोटात गेलं की लिव्हरला इजा होते.

टी ट्री मुरुमांवर काही जणांना गुण देतं, पण पातळ करून, आणि पोटात घ्यायचं नाही. लिंबू, कागदी लिंबू, बर्गमॉट (लिंबू-संत्र्याच्या जातीचं फळ) ही सालीतून दाबून काढलेली तेलं लावून उन्हात गेलात तर कातडीवर काळे डाग, फोड येतात. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर येणारच. लावायचीच तर रात्री, आणि दुसऱ्या दिवशी तो भाग झाकून. सिट्रोनेला, गवती चहा यांनी डास थोडा वेळ दूर राहतात, तासाभरात वास उडाला की परत येतात. डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणी लावा आणि कूलरचं पाणी आठवड्याला बदला, तेलावर विसंबू नका.

अमृतधारेचं काही जण नक्की विचारतील. कापूर, ओव्याचं फूल (थायमॉल) आणि पुदिन्याचं फूल समभाग एकत्र केले की तिन्ही घन पदार्थ बाटलीत आपोआप पाणी होतात. हे बघायला मला आजही आवडतं. पण ते तीनही तीव्र पदार्थ आहेत आणि पाणी झाल्यावर ते पिणं फार सोपं होतं. मोठ्या माणसानं कपाळाला पातळ करून लावावी. मुलांच्या पोटदुखीवर बत्ताशातून देणं बंद करा.

पोटात घ्यायचं औषध म्हणून ही तेलं कधीच नसतात का? असतात. पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूल पोटात मुरडा येणाऱ्या आयबीएसच्या (आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या) रुग्णांना डॉक्टर देतात. जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थपणासाठी मिळते. दोन्हींत मात्रा ठरलेली, आवरण ठरलेलं, चाचण्या झालेल्या. बाटलीतला थेंब पाण्यात टाकून पिणं म्हणजे ते औषध नव्हे. कुणी विक्रेता तसा आग्रह करत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारं उपकरण) वापरायचा तर तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली, मग बंद. रात्रभर चालू ठेवू नका. घरात मांजर असेल तर टी ट्री तिच्या आसपासही नको. मांजराचं लिव्हर हे घटक नीट मोडू शकत नाही, आणि अंगावर पडलेलं ती चाटते. पोपट, लव्हबर्ड्स असलेल्या खोलीत डिफ्यूझर लावूच नका. गरोदरपणात पहिले तीन महिने तेलं बाजूलाच ठेवा, पुढे तुमच्या डॉक्टरांना विचारून.

आता खालचा कप्पा. एडवर्ड बाख हे इंग्लंडमधले डॉक्टर, जन्म १८८६, मृत्यू १९३६. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांनी अडतीस पुष्पौषधी तयार केल्या. फुलं झऱ्याच्या पाण्यात उन्हात ठेवायची, किंवा डहाळ्या उकळायच्या, ते पाणी गाळून तितक्याच ब्रँडीत मिसळायचं, आणि त्यातले दोन थेंब पुन्हा ब्रँडीच्या बाटलीत. अडतीसांतलं एक, रॉक वॉटर, हे तर नुसतं झऱ्याचं पाणी आहे. म्हणून बाटलीला फुलाचा वासही येत नाही. घेताना प्रत्येकातले दोन थेंब तीस मिलिलिटर पाण्यात, आणि त्यातले चार थेंब दिवसातून चार वेळा, अशी रीत आहे. ती पाळणारी पुष्कळ माणसं मला प्रिय आहेत आणि त्यांना त्यातून धीर मिळतो हे मी बघते. पण नीट केलेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा या औषधांचा परिणाम नुसत्या पाण्याच्या थेंबांपेक्षा वेगळा दिसला नाही. परीक्षेआधी, प्रवासाआधी कुणी चार थेंब घेत असेल तर मी अडवत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून कुणी हे घेत असेल तर मात्र मी काउंटरवरच थांबवते आणि घरच्या माणसाला बोलावून घ्यायला सांगते.

मूळ बाटलीत साधारण २७ टक्के अल्कोहोल असतं. थेंब थोडे असले तरी दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला ते देऊ नका. त्या गोळीबरोबर अल्कोहोलमुळे छाती धडधडते, उलट्या होतात, आणि मन शांत व्हावं म्हणून बायको-आई नेमके हेच थेंब आणतात. मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरची गोळी) चालू असताना, गरोदरपणात, लहान मुलांसाठी, आणि धर्मानं किंवा निश्चयानं दारू वर्ज्य असलेल्यांसाठी ग्लिसरिनमधली बाटली मिळते, ती मागा. पुष्पौषधी डोळ्यांत, कानांत टाकायची नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा किंवा टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि तेलानं अपघात झालाच तर. डोळ्यात गेलं तर वाहत्या साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, आणि दुखणं थांबलं तरी डोळा दाखवून या. कातडीवर सांडून आग झाली तर आधी कोरड्या कापडानं टिपा, वर थोडं खोबरेल फिरवून पुसून घ्या, मग साबणानं धुवा. नुसत्या पाण्यानं ते पसरतं. पोटात गेलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, बोट घालणं नको. उलटीबरोबर तेल फुप्फुसात गेलं तर त्रास दुप्पट होतो. दूधही पाजू नका. कापूर दुधातल्या स्निग्धांशाबरोबर लवकर आत शोषला जातो. मूल बरं दिसत असलं तरी थांबून बघू नका, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र रात्रंदिवस चालू असतं, नंबर १८०० ११६ ११७. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका. किती वाजता घेतलं, साधारण किती घेतलं आणि मुलाचं वजन किती, हे एका कागदावर लिहा आणि ती बाटली, रिकामी असली तरी, लेबलसकट दवाखान्यात घेऊन जा.